काटकसर कोणाच्या ताटातली?

फराळाच्या ताटात कारल्याची फोड वाढणाऱ्या माणसाला कोणी शहाणा म्हणत नाही, हे मला ठाऊक आहे. दिवाळीच्या अंकासाठी एखादी हलकीफुलकी कथा लिहावी, वाचणाऱ्यांनी चकली खाता खाता हसावे, आणि पुढच्या पानावरच्या राशिभविष्याकडे वळावे, असा रिवाज आहे. मीही तो आजवर पाळला. या वर्षी मात्र लेखणी गोडाकडे वळेना. तेव्हा, वाचकहो, आधीच क्षमा मागतो आणि कारले वाढतो. ते खाऊन झाल्यावर करंजीला हात घालायला माझी हरकत नाही.

घरातल्या हिशेबापासून सुरुवात करू, कारण तो तुम्हा-आम्हा सर्वांना कळतो. आमच्या मराठवाड्यात चार-पाच वर्षांतून एखादी दिवाळी अशी येतेच, की पावसाने दगा दिलेला असतो. कधी सोयाबीन उभ्या उभ्या वाळते, कधी काढून ठेवलेली सुडी पाण्यात भिजते, आणि दोन्हींतून वाचलेच तर भाव पडतो. अशा वर्षी घरची बाई काय करते? ती सर्वांत आधी स्वतःची साडी रद्द करते. मग घरधन्याचे कपडे जातात. फटाके जातात, अनारसे जातात, पाहुण्यांच्या आहेराला कात्री लागते. पण धाकट्या लेकराच्या दुधाला ती हात लावत नाही, आणि सासऱ्याच्या औषधालाही लावत नाही. याला काटकसर म्हणतात.

आता दुसरे एक घर डोळ्यांपुढे आणा. तिथला कर्ता पुरुष बैठकीला नवी फरशी घालतो, दारात नवी मोटार उभी करतो, आणि रात्री वही घेऊन बसतो तेव्हा म्हणतो, "फार ओढाताण होते आहे, उद्यापासून धाकट्याचे दूध बंद." वर समजूत घालतो, की तो धाकटा तसाही एकटाच आहे, एका लेकरासाठी रतीब लावणे परवडत नाही. या गृहस्थाला तुम्ही काटकसरी म्हणाल काय? महाराष्ट्रातल्या लहान शाळांच्या बाबतीत गेली काही वर्षे जे चालले आहे ते या दुसऱ्या घरासारखे आहे, एवढेच मला सांगायचे आहे.

मी कोण, तेही सांगून टाकतो. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर, मन्याडच्या खोऱ्यात, एका अनुदानित हायस्कुलात मी चित्रकलेचा मास्तर आहे. मॅट्रिक झालो, चित्रकलेची पदविका घेतली आणि खडू हातात धरला. त्याला आता वीस वर्षे होऊन गेली. रात्री कादंबऱ्या लिहितो. अर्थशास्त्र मला येत नाही आणि आकड्यांशी माझे कधी जमले नाही. पण दर जूनला आठवीचा पट लिहायचे काम माझ्याकडे असते, आणि पट लिहिताना एक गोष्ट आपोआप दिसते: कोण आले, आणि कोण आले नाही.

आमच्या आसपासच्या वाड्या-तांड्यांवर जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. काही चौथी-पाचवीपर्यंत, काही सातवीपर्यंत. सातवी झालेली लेकरे आठवीला आमच्याकडे येतात. मुलींना आठवीपासून सरकारी सायकल मिळते, त्यामुळे चार-चार किलोमीटरवरून मुली घोळक्याने येतात आणि शाळेच्या लिंबाखाली सायकलींची रांग लागते. ही रांग पाहिली, की मला या राज्यात काहीतरी बरे चालले आहे असे वाटत असे.

यांतल्याच एका वाडीची ही हकिगत. शाळा पहिली ते सातवी. सहावी आणि सातवी मिळून पोरे किती? सतरा. १५ मार्च २०२४ रोजी शासनाने संचमान्यतेचे नवे निकष काढले. कोणत्या शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे, त्याचा हा कोष्टक. त्यात सहावी ते आठवीच्या वर्गांत वीसपेक्षा कमी पट असेल तर त्या वर्गांसाठी मंजूर शिक्षक शून्य. मी पुन्हा लिहितो, कारण मलाही ते दोनदा वाचावे लागले: एक नव्हे, अर्धा नव्हे, शून्य. वर्ग बंद करा असे त्या कागदावर कुठेही लिहिलेले नाही. वर्ग चालूच आहे. फक्त त्यात शिकवायला कोणी नाही.

गेल्या जूनमध्ये त्या सतरा पोरांची वाट फुटली. नऊजण चार किलोमीटरवरच्या आमच्या गावात सहावी-सातवीला आली. तिघांना मामाकडे, आत्याकडे पाठवले. उरली पाच; चार मुली आणि एक मुलगा. ती कोणत्याही शाळेच्या पटावर नाहीत. त्यांतली एक मला ठाऊक होती. शासनाची एलिमेंटरी चित्रकला परीक्षा सातवीपासून देता येते, म्हणून मी रविवारी वाडीवर जाऊन पोरांकडून रेखाटने करून घेत असे. ही तेव्हा सहावीत होती, परीक्षेला बसण्याचे वय नव्हते, तरी येऊन बसायची. हात असा स्थिर, की वर्तुळ काढायला तिला कर्कटक लागत नसे. मी तिला म्हटले होते, पुढच्या वर्षी तुझा फॉर्म मी भरणार.

सप्टेंबरात फॉर्म घेऊन गेलो. तिचा बाप ओट्यावर बसून कोयत्याला मूठ बसवत होता. दसरा झाला की टोळी निघणार होती, उचल घेऊन झाली होती. तो म्हणाला, "गुरुजी, शाळा असती तर आजीपाशी ठिवली असती. आता बारा वर्साची पोरगी, रोज चार कोस जायचं-यायचं, मधी वढा. कोनाच्या भरोशावर ठिवू? बरूबर नेतो. धाकटं लेकरू तरी संभाळील." मी हंगामी वसतिगृहाचे नाव काढले. ऊसतोडीला जाणाऱ्यांची लेकरे मागे राहावीत, नातेवाइकांकडे राहून गावातच शिकावीत, म्हणून ती योजना आहे आणि चांगली आहे. पण ती शाळेच्या आधाराने चालते. ज्या वर्गाला शिक्षकच नाही, त्या वर्गाच्या पोरीला वसतिगृहात ठेवून शिकवणार कोण? तुम्ही हा अंक उघडाल तेव्हा ती मुलगी कुठल्या तरी फडाच्या कडेला, पाचटाच्या कोपीपुढे, धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसलेली असेल.

"एका पोरीवरून राज्याचा हिशेब मांडू नका," असे कोणी म्हणेल. ठीक आहे, राज्याचा हिशेब घेऊ. २०१७ च्या डिसेंबरात दहाहून कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करण्याचे ठरले. २०२३ च्या सप्टेंबरात वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचा विचार पुढे आला, तेव्हा अशा शाळांची संख्या निघाली १४ हजार ७८३, आणि त्यांत शिकणारी मुले सुमारे १ लाख ८५ हजार. २०२४ साली ५ सप्टेंबरला, म्हणजे ज्या दिवशी आम्हा मास्तरांना गुलाबाचे फूल देतात नेमक्या त्याच दिवशी, निर्णय निघाला, की वीसपर्यंत पटाच्या शाळेत दोन शिक्षकांपैकी एक कंत्राटी असेल, महिना १५ हजारांवर. वीसचे दहा झाले, शिक्षकांनी २५ सप्टेंबरला सामूहिक रजा टाकून राज्यभर मोर्चे काढले, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तो निर्णय मागे घेतला गेला. मागे घेतला याचा आनंद आहे. पण ज्यांना हा निर्णय सुचला त्यांना पुन्हा काही सुचणार नाही, याची हमी कोण देणार?

या सगळ्यांतली भाषा पाहा. कादंबरीकार म्हणून मला शब्दांचे कुतूहल आहे. शाळा बंद करणे म्हणजे 'समूह शाळा'. मास्तर काढून घेणे म्हणजे 'संचमान्यता'. दहा वर्षे एका वाडीत रुजलेला माणूस उपटून साठ किलोमीटरवर लावणे म्हणजे 'समायोजन'. सरकारने जे द्यायचे ते लोकांकडून मागणे म्हणजे 'लोकसहभाग'. आमच्या गावचा खाटीकसुद्धा बोकडाला 'समायोजित केले' असे म्हणत नाही.

लोकसहभागाची एक कथा ऐका. २०२३ च्या नोव्हेंबरात शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरले. न खाणाऱ्याला केळे. पोरे त्या दिवसाची वाट पाहत. आमच्या भागातल्या पोरांना वार शिकवायला दिनदर्शिका लागत नव्हती. अंड्याचा वार पाठ होता. २०२५ च्या जानेवारीत अंड्याचा निधी थांबला. अंडी द्यायची तर लोकसहभागातून द्या, असे सांगण्यात आले. या अंड्यांचा वर्षाचा खर्च सुमारे ५० कोटी रुपये होता. मोठी रक्कम आहे, नाही म्हणत नाही. पण आता हीच रक्कम दुसऱ्या एका रकमेशेजारी ठेवून पाहू. नागपूर ते गोवा जो शक्तिपीठ महामार्ग काढायचा आहे, त्याची लांबी ८०२ किलोमीटर आणि अंदाजे खर्च ८६ हजार ३०० कोटी सांगितला गेला. भागाकार तुम्हीच करा. किलोमीटरला शंभर कोटींहून जास्त पडतात. राज्यातल्या सगळ्या पोरांचे वर्षभराचे अंडे त्या रस्त्याच्या अर्ध्या किलोमीटरातही बसते! रस्ता नको असे मी म्हणत नाही. तो करावा की न करावा, यावर ज्यांच्या जमिनी जाणार तेच बोलतील. मी एवढेच विचारतो, की हात आखडायची वेळ आली तेव्हा पहिल्यांदा पोराच्या ताटातले अंडे कसे दिसले?

शाळेच्या खर्चाचेही असेच. समग्र शिक्षेतून शाळेला जे संयुक्त अनुदान मिळते, ते पटावर ठरते. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १० हजार रुपये. त्यात खडू, फळ्याचा रंग, झाडू, विजेचे बिल, पाण्याची टाकी, गळके पत्रे, संडासाचे दार, सगळे बसवायचे. दिवसाला सत्तावीस रुपये पडतात. लातूरच्या कोणत्याही हॉटेलात दोन कप चहा मागवून पाहा, या पैशांत किती हाती उरते.

आता समोरच्या बाजूचे म्हणणे. ते मी टाळणार नाही, कारण त्यात तथ्य आहे.

पहिले म्हणणे असे, की सात पोरांची शाळा ही शाळाच नव्हे. तिथे कबड्डीला दोन संघ होत नाहीत, प्रयोगशाळा नसते, एकच मास्तर पाच इयत्ता शिकवतो. त्यापेक्षा मोठ्या शाळेत पोरे नेली तर त्यांचेच कल्याण. मी मान्य करतो. लहान शाळा एकटी असते, आणि एकटेपणात लेकरू खुलत नाही. उद्या कोणी दारापासून शाळेपर्यंत रोज वेळेवर चालणारी गाडी दिली, तिथे मोठे ग्रंथालय दिले, तर मी स्वतः वाडीवर जाऊन पोरे गाडीत बसवीन. पण क्रम पाहा. आधी मास्तर जातो, मग वर्ग जातो, आणि गाडीचे 'बघू' असते. मुलींना एस.टी.चा पास फुकट आहे. पण ज्या वाडीला एस.टी. येत नाही तिथे तो पास वहीत दाबून ठेवायचा काय? सायकल आठवीपासून मिळते आणि शाळा तुटली सहावीला! कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक हवेत. सहावीपासून वर्गाला किमान एक शिक्षक आणि विषयाला शिक्षक हवा. हा २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा संसदेने केलेला आहे. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. कायदा पोरीचा हक्क सांगतो आणि कोष्टक शून्य सांगते. या दोहोंत मोठे कोण, हे मॅट्रिक झालेल्या माणसालाही कळते.

दुसरे म्हणणे जास्त झोंबणारे आहे. "पट कमी कोणी केला? सरकारने केला काय? लोकांनीच आपली पोरे इंग्रजी शाळांत घातली. रिकाम्या शाळा चालवायच्या कोणासाठी?"

इथे मला मान खाली घालावी लागते, आणि तुम्हांपैकी पुष्कळांनाही घालावी लागेल. तीन वर्षांपूर्वी मी माझ्या धाकट्या मुलाला गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून काढले आणि तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातले. पिवळी गाडी दारात येते, टाय बांधलेला असतो, आणि घरातल्यांना बरे वाटते. दाखला काढायला गेलो तेव्हा तिथल्या बाईंनी काही कटू बोलले नाही. चहा दिला. मग हलकेच म्हणाल्या, "सर, तुमच्या बाळासकट एकतीस होते. आता तीस." मला तेव्हा उमगले नाही. घरी येऊन कोष्टक पाहिले. एकतीस पटाला अनुदान २५ हजार, तीसला १० हजार. माझ्या एका सहीने त्या शाळेचे वर्षाचे पंधरा हजार गेले. ज्या पत्र्याखाली माझा थोरला शिकला, तो पत्रा त्या पावसाळ्यात तसाच गळत राहिला.

पण मी मुलगा का काढला, तेही विचारा. त्या शाळेत दोन शिक्षकांपैकी एक कधी निवडणुकीच्या याद्यांवर, कधी सर्वेक्षणावर, कधी ऑनलाइन माहिती भरायला तालुक्याला. उरलेली बाई पहिलीला अक्षरे गिरवायला लावून चौथीला भागाकार शिकवत होती, आणि मध्येच तांदळाच्या पोत्याची नोंद करत होती. ती बाई थोर होती. पण तिचे दोन हात होते. म्हणजे असे, की आधी शाळेतला मास्तर काढून घेतला, म्हणून माझ्यासारखा पालक पळाला. पालक पळाला म्हणून पट घटला. पट घटला म्हणून अनुदान आणि मास्तर पुन्हा कमी. ते कमी झाले म्हणून आणखी चार पालक पळाले. शेवटी पळायची ऐपत नाही अशांचीच लेकरे मागे राहिली. आणि मग कोष्टक आले, की एवढ्याशा पोरांसाठी शाळा परवडत नाही. आड आधी बुजवायचा आणि मग म्हणायचे, पाणी भरायला कोणी येत नाही! या खेळात मी एक सोंगटी हलवली आहे, हे मी लपवत नाही. पण पट मांडणारा मी नाही.

तिसरे आणि शेवटचे म्हणणे नेहमीचेच: पैसा नाही. वाचकहो, हे वाक्य फार जुने आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले, तेव्हाचे दुखणे हेच होते: महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या वरच्या शिक्षणाकडे वाहतो. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले; १९१२ साली ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले, आणि विरोधकांच्या तोंडी पैशाचे कारण होतेच. पण त्याच काळात बडोद्याच्या सयाजीरावांनी १९०६ साली आपल्या सबंध संस्थानात सक्तीचे शिक्षण लागू केले होते, आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली ते सक्तीचे आणि मोफत केले. यांच्या तिजोऱ्या ब्रिटिश साम्राज्याच्या तिजोरीहून मोठ्या नव्हत्या. स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणाला द्यावेत असे सांगितले. १९६८, १९८६ आणि २०२० या तिन्ही साली राष्ट्रीय धोरणे आली, तिन्ही वेळा तो आकडा आला, आणि तो अजून कागदावरच आहे.

आम्हा मराठवाड्याच्या लोकांना तर हे जास्त कळायला हवे. निजामाच्या राज्यात आमच्या आजोबांना आपल्या भाषेतली शाळा दुर्मीळ होती, आणि खाजगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागे. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईत ज्यांनी मुले शिकवली, ते स्वामी रामानंद तीर्थच पुढे हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मोकळा झाला, आणि १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले. त्या कॉलेजचे नाव ज्यांच्यामुळे सर्वत्र झाले, ते नरहर कुरुंदकर आधी नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत मास्तर होते. मुक्तीचा पहिला अर्थ आमच्या लोकांनी शाळा असा लावला होता. ज्यांनी तो लावला त्यांचे पुतळे आम्ही चौकाचौकांत बसवले, दर १७ सप्टेंबरला त्यांना हार घालतो, आणि १८ सप्टेंबरला वाडीवरचा वर्ग रिकामा पाहून गप्प बसतो.

लातूरचे काय सांगू? दहावी-बारावीच्या गुणवत्तेच्या याद्यांनी लातूरचे नाव महाराष्ट्रभर झाले. 'लातूर पॅटर्न' हा शब्द घराघरांत गेला. आज राज्याच्या कानाकोपऱ्यातून पोरे तिथे डॉक्टर व्हायच्या तयारीला येतात. शिकवणीच्या फलकांवर हसऱ्या पोरांचे फोटो आणि गुण लावलेले असतात, खोल्यांची भाडी त्यावर ठरतात, खानावळी त्यावर चालतात. मला त्याचा राग नाही. कष्टाने मिळवलेली कीर्ती आहे. पण त्याच फलकाखालून जी एस.टी. अहमदपूर, जळकोट किंवा मुखेड-कंधारकडे जाते, तीत बसून तासाभराने उतरा आणि वाडीवरच्या शाळेत डोकवा. एकाच मुलखात शिक्षण असे दोन तऱ्हांनी नांदते: ज्याच्या खिशात आहे त्याला विषयागणिक मास्तर, आणि ज्याच्या खिशात नाही त्याला मंजूर पद शून्य. त्या फलकांवरचीही पुष्कळ पोरे कधीकाळी जिल्हा परिषदेच्याच शाळेत बाराखडी शिकली, हे त्यांच्या आईबापांना विचारून खात्री करा.

मग करायचे काय? मास्तर आहे, म्हणून गृहपाठ दिल्याशिवाय राहवत नाही. सरकारकडे मागणे तीनच. कोष्टकातला तो शून्य पुसा. जिथे पोर आहे तिथे मास्तर द्या. शाळा एकत्र करायच्या असतील तर आधी गाडी सुरू करा, ती एक पावसाळा चालवून दाखवा, मग कुलपाचे बोला. आणि लहान शाळेच्या अनुदानाला असा तळ द्या, की एक पोर गेले म्हणून पत्रा गळायला नको.

तुमच्याकडेही मागणे आहे. दिवाळीला तुम्हांपैकी पुष्कळजण गावी याल. पुण्याहून, मुंबईहून, छत्रपती संभाजीनगरहून. पाडव्याला किंवा भाऊबीजेला एक फेरी शाळेकडे मारा. सुट्टी असेल, खिडकीतून पाहा. फळा कोणत्या रंगाचा आहे, पत्रा कुठे गळतो, भिंतीवर पट किती लिहिला आहे. शाळा व्यवस्थापन समितीत आपल्या भावकीतला कोण आहे, त्याला विचारा. संचमान्यतेत किती पदे आली आणि किती गेली, हे ग्रामसभेत विचारायला कोणाची बंदी नाही. देवळाच्या कळसाला वर्गणी देताना शाळेचे नावही काढा. पण वर्गणी देऊन गप्प बसू नका, कारण वर्गणी हेच ज्यांना हवे आहे त्यांचे काम तेवढ्याने फावते. अंडे आपण देऊ, पत्रा आपण बदलू, पण मास्तर आपण कुठून आणणार?

मी माझ्या मुलाला परत त्या शाळेत घालणार आहे काय, असे कोणी मला विचारले तर उत्तर द्यायला हवे. घरात बोलणे झाले आहे. बायको म्हणते, दुसरा मास्तर आणून दाखवा, मग बघू. तिचे म्हणणे बरोबर आहे, आणि त्यासाठीच मी हे लिहीत आहे.

राहिली ती मुलगी. ऊसतोडीचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो आणि टोळ्या घरी येतात. शिक्षण हक्काच्या कायद्यात वयानुरूप प्रवेशाचे कलम आहे. शाळा सुटलेल्या लेकराला त्याच्या वयाच्या वर्गात थेट घ्यावे लागते, आणि मागे राहिलेला अभ्यास शाळेने भरून काढायचा असतो. ती येत्या जूनला आठवीच्या वयाची होईल, म्हणजे आमच्या पटावर येईल आणि सायकलीलाही पात्र ठरेल. तिच्या बापाला मी तसे सांगून ठेवले आहे. त्याने मान हलवली. हो म्हणाला की नाही, ते कळले नाही. टोळी परतली की पुन्हा वाडीवर जाणार आहे. एलिमेंटरीचा फॉर्म अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.